दशमांश, ८०जी आणि चर्चची पावती : एका मंडळीचं प्रकरण

हे प्रकरण पुणे जिल्ह्यातल्या एका जुन्या मराठी ख्रिस्ती मंडळीतलं, २०२५ च्या डिसेंबरातलं. संबंधितांच्या संमतीने लिहितो आहे. ओळख पटेल अशा खुणा बदलल्या आहेत आणि रकमा थोड्या गोल केल्या आहेत. घटनाक्रम आणि कायद्याचा भाग जसाच्या तसा ठेवला आहे. ज्यांच्यापासून हे सुरू झालं त्यांना मंडळीत सगळे दादा म्हणतात, म्हणून इथेही दादाच म्हणू. करसल्लागार म्हणून माझ्याकडे हे काम दादांच्या रिटर्नपुरतं आलं होतं, पण आठवडाभरात ते पास्टरेट कमिटीच्या, म्हणजे मंडळीचा कारभार पाहणाऱ्या समितीच्या, टेबलावर जाऊन पोचलं.

पार्श्वभूमी

दादा पिंपरी-चिंचवडमधल्या एका खाजगी कंपनीत व्यवस्थापक आहेत. आजोबांपासूनचं कुटुंब याच मंडळीतलं. महिन्याचा पगार जमा झाला की दुसऱ्या दिवशी दहा हजार रुपये दशमांश (उत्पन्नाचा देवाच्या कामासाठी काढलेला दहावा भाग) म्हणून चर्चच्या खात्यात जातात. घरखर्च, कर्जाचा हप्ता, सगळं त्याच्यानंतर. हे त्यांच्या आईने लावलेलं वळण आहे.

२०२४-२५ या आर्थिक वर्षात त्यांनी दिलेलं असं होतं : दशमांश १,२०,००० रुपये, बँकेतून. चर्चच्या छपराच्या दुरुस्तीसाठी ५०,००० रुपयांचा चेक; मंगलोरी कौलं जुनी झाली आहेत आणि सागवानी कैच्यांपैकी दोन वाळवीने पोखरल्या आहेत. कापणीच्या सणाच्या लिलावात ८,००० रुपये रोख. आणि मुलींच्या वसतिगृहाच्या न्यासाला ४०,००० रुपये, चेकने.

लिलावाबद्दल दोन वाक्यं सांगायला हवीत, कारण पुढे त्याचा संबंध येतो. कापणीच्या सणाला लोक शेतातलं, घरातलं काही ना काही घेऊन येतात. जोंधळ्याची कणसं, उसाची मोळी, डाळिंबाची पाटी, कुणी घरी केलेला केक. उपासनेनंतर त्याचा लिलाव होतो आणि जे पैसे येतात ते मंडळीच्या कामाला जातात. दादांनी त्या वर्षी एक लाल भोपळा तीन हजारांना घेतला होता. भोपळा आणणाऱ्या आजींना आनंद व्हावा म्हणून बोली चढवत नेली, असं वहिनींनी सांगितलं.

मंडळीचा स्वतःचा सार्वजनिक न्यास आहे. धर्मादाय आयुक्तांकडे त्याची नोंद आहे आणि प्राप्तिकर खात्याची १२ए नोंदणीही (संस्थेच्या स्वतःच्या उत्पन्नाला करातून सूट देणारी) जुनी आहे. वसतिगृहाचा न्यास वेगळा. मंडळीच्याच लोकांनी काही दशकांपूर्वी तो काढला, पण घटनेत स्वच्छ लिहिलं आहे की वसतिगृह सर्व जातिधर्मांच्या मुलींसाठी आहे. आज तिथल्या निम्म्याहून जास्त मुली ख्रिस्ती नाहीत. या न्यासाला ८०जी ची, म्हणजे दान देणाऱ्याला करात वजावट मिळवून देणारी, मान्यता आहे.

अडचण कुठे उभी राहिली

दादांचं रिटर्न दरवर्षी कंपनीच्या गेटजवळ बसणारा एक जण भरून देत असे. फी ठरलेली नव्हती. जेवढा रिफंड येईल त्याचा काही हिस्सा तो घ्यायचा. असा मोबदला ठरला असेल तर भरणाऱ्याचं लक्ष कुठे राहणार हे उघड आहे, आणि पगारदारांनी अशा माणसाच्या हाती आपला पासवर्ड देऊ नये हे मी येईल त्याला सांगतो.

त्याने दादांच्या पावत्या घेतल्या, चारही रकमांची बेरीज केली आणि २,१८,००० रुपये ८०जी खाली दाखवले. ८०जी मध्ये अशा दानाच्या पन्नास टक्के वजावट मिळते, तीही एकूण उत्पन्नाच्या (इतर वजावटी काढल्यानंतरच्या) दहा टक्क्यांच्या मर्यादेत. दादांचं त्या हिशेबाचं उत्पन्न ११,१५,००० होतं, म्हणजे मर्यादा १,११,५०० आणि वजावट ५५,७५०. कंपनीने टीडीएस कापताना दान धरलेलं नव्हतं. त्यामुळे रिटर्नमध्ये १७,३९० रुपयांचा रिफंड निघाला.

त्या वर्षी रिटर्नची मुदत वाढत वाढत १६ सप्टेंबर २०२५ पर्यंत गेली होती. दादांचं वेळेत भरलं गेलं. रिफंड मात्र येईना. डिसेंबरच्या मध्यावर खात्याकडून ईमेल आला : रिफंडच्या मागणीत काही विसंगती दिसतात, प्रक्रिया थांबवली आहे, रिटर्न तपासा आणि गरज असल्यास ३१ डिसेंबरपर्यंत सुधारित रिटर्न भरा. त्या आठवड्यांत असे संदेश देशभर पुष्कळांना गेले. वजावटींचे खोटे दावे करून देणाऱ्यांवर खात्याने जुलैपासूनच देशभर छापे घातले होते, आणि दानाचे दावे त्यात अग्रभागी होते.

दादा आले तेव्हा त्यांच्या हातात पावत्यांचा गठ्ठा होता. चर्चची पावती गुलाबी रंगाची, कार्बनची दुसरी प्रत. वर मंडळीचं नाव, मध्ये ‘दशमांश / आभारदान / दुरुस्ती निधी / इतर’ असे पर्याय आणि खजिनदारांची खूण. खाली बारीक अक्षरांत : ‘प्राप्तिकर नोंदणी क्र.’, त्यापुढे १२ए चा क्रमांक, आणि त्याखाली ‘करसवलतीसाठी ही पावती जपून ठेवावी.’

सगळा घोळ त्या शेवटच्या ओळीत होता. ती ओळ कुणी आणि केव्हा छापून घेतली हे आजच्या कमिटीतल्या कुणालाच आठवत नाही. पुस्तक संपलं की जुन्याबरहुकूम नवं छापायचं, एवढाच रिवाज होता.

कायदा काय म्हणतो

१२ए (आता १२एबी) ची नोंदणी संस्थेच्या स्वतःच्या उत्पन्नासाठी असते. चर्चला जे दान येतं, ठेवींवर जे व्याज मिळतं, ते ठरलेल्या अटी पाळून कामावर खर्च केलं तर चर्चला कर भरावा लागत नाही. सार्वजनिक धार्मिक न्यासालाही ही सूट आहे. देणाऱ्याला मात्र त्याच्या करात सूट मिळायची असेल तर संस्थेकडे ८०जी ची वेगळी मान्यता लागते. ती मिळण्याच्या अटी वेगळ्या आहेत आणि बऱ्याच कडक आहेत.

त्यातली पहिली : संस्थेचा उद्देश धर्मादाय हवा. ज्याचा सगळा किंवा बहुतेक सगळा भाग धार्मिक स्वरूपाचा आहे असा उद्देश ८०जी पुरता धर्मादाय धरला जात नाही, असं कायद्यातच स्पष्ट केलं आहे. दुसरी : संस्था एखाद्या विशिष्ट धर्मसमुदायाच्या किंवा जातीच्या फायद्यासाठी नसावी. थोडी सवलत एवढीच, की मान्यता असलेल्या संस्थेने वर्षाच्या उत्पन्नाच्या पाच टक्क्यांपर्यंत धार्मिक खर्च केला तर मान्यतेला बाधा येत नाही. पाळकांचं मानधन, उपासना, सुवार्तेचं काम, रविवारची शाळा आणि मंडळीतल्या गरिबांना मदत हेच जिचं काम, त्या मंडळीच्या न्यासाला यात बसवणं शक्य नाही.

छपराच्या दुरुस्तीचं काय? याच कलमात मंदिर, मशीद, गुरुद्वारा, चर्च यांच्या जीर्णोद्धारासाठी दिलेल्या दानाला वजावट आहे. पण ती ऐतिहासिक, पुरातत्त्वीय किंवा कलात्मक महत्त्व असलेली, किंवा राज्यभर ख्याती असलेली प्रार्थनास्थळं म्हणून केंद्र सरकारने राजपत्रात अधिसूचित केलेल्यांनाच. आमचं चर्च शंभर वर्षांपेक्षा जुनं आहे, पण राजपत्रात नाही. जुनं असणं आणि अधिसूचित असणं यांत एका सरकारी आदेशाचा फरक आहे.

लिलावातले आठ हजार दोन्ही बाजूंनी बाद. दोन हजारांपेक्षा जास्त रोख दानाला वजावट नाही. आणि लिलावात पैसे देऊन वस्तू घेतली की ती खरेदी झाली.

राहिले वसतिगृहाचे चाळीस हजार. तिथे सगळं चोख होतं. ८०जी असलेल्या संस्थेला वर्षभराच्या दात्यांची यादी फॉर्म १०बीडी मध्ये ३१ मे पर्यंत खात्याला द्यावी लागते आणि दात्याला १०बीई हे प्रमाणपत्र द्यावं लागतं. उशीर झाला तर रोजचे दोनशे रुपये. वसतिगृहाने दोन्ही वेळेत केलं होतं. खात्याचा संगणक याच यादीशी रिटर्न ताडून पाहतो. चर्चच्या पॅनवर अशी एकही नोंद नव्हती, आणि असणारही नव्हती. म्हणून रिफंड अडला.

दादांनी हे सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि मग विचारलं, ‘‘म्हणजे देवाच्या कामाला दिलेलं दान हे सरकारच्या लेखी दानच नाही?’’

प्रश्न दुखावलेल्या मनाचा होता, आणि त्याला नुसता कलम क्रमांक सांगून भागत नाही. मी त्यांना सांगितलं ते असं : वजावट देणं म्हणजे सरकारने आपला कर सोडणं, म्हणजे त्या दानात सगळ्या करदात्यांनी थोडी भर घालणं. एखाद्या विशिष्ट धर्माच्या प्रसारासाठी कराचा पैसा वळवू नये हा विचार राज्यघटनेच्या २७व्या अनुच्छेदात आहे. ८०जी ची ही चौकट त्याच विचाराच्या जवळची आहे. आणि ती सगळ्यांना सारखी आहे. गावातल्या देवळाच्या कळसाला वर्गणी देणाऱ्या शेजाऱ्यालाही वजावट मिळत नाही.

त्यांचा गैरसमज एका बाजूने अमेरिकेतून आलेला होता. त्यांची पुतणी न्यू जर्सीत असते. तिच्या चर्चकडून दर जानेवारीत वर्षभराच्या दानाचं पत्र येतं आणि ते करात धरता येतं, हे तिने फोनवर सांगितलं होतं. ते खरंच आहे. तिथे चर्चला वेगळा अर्ज न करताही करमुक्त धर्मादाय संस्थेचा दर्जा असतो आणि चर्चला दिलेलं दान वजा करता येतं. एका वेळी २५० डॉलर किंवा जास्त दिले असतील तर चर्चचं लेखी पत्र लागतं, आणि दानाच्या बदल्यात काही वस्तू किंवा सेवा दिली का तेही त्यात नमूद असावं लागतं. पण तो तिथला कायदा. इथे त्याचा उपयोग नाही.

मार्ग कोणते होते

दादांपुढे तीन मार्ग होते. काहीच न करता नोटिशीची वाट पाहायची. दावा बरोबर आहे असं ठामपणे कळवायचं. किंवा ३१ डिसेंबरच्या आत सुधारित रिटर्न भरायचं.

दुसरा मार्ग मी चर्चेलाच घेतला नाही. पहिल्याचा हिशेब मांडून दाखवला. चुकीच्या दाव्याने कमी पडणारा कर होता ११,१५० रुपये. उत्पन्न कमी दाखवल्याचा दंड कराच्या पन्नास टक्के असतो, आणि वस्तुस्थिती चुकीची मांडली असं ठरलं तर दोनशे टक्के, म्हणजे बावीस हजारांवर. शिवाय १ जानेवारीपासून सुधारित रिटर्नचं दार बंद. मग उरतं ते अद्ययावत रिटर्न. त्यात पहिल्या टप्प्यात कर-व्याजावर २५ टक्के जादा द्यावे लागतात, आणि त्यातून रिफंड मागता येत नाही. दादांचा खरा हिशेब मांडला तरी ६,२४० रुपये रिफंड निघत होता. म्हणजे वेळ गेली असती तर हक्काचे पैसेही अडकले असते.

तिसरा मार्ग ठरायला दहा मिनिटं पुरली. अवघड झालं ते त्याच्या मागच्या वर्षाचं. २०२३-२४ च्या रिटर्नमध्येही त्याच माणसाने असाच दावा केला होता, तीस हजारांच्या वजावटीचा, आणि तो रिफंड येऊन खर्चही झाला होता. त्या वर्षाबद्दल खात्याने काहीच विचारलं नव्हतं. दादा म्हणाले, ‘‘विचारलं तर बघू.’’ वहिनी तोवर गप्प होत्या. त्या म्हणाल्या, ‘‘यंदाचं पकडलं म्हणून यंदाचं सुधारायचं, आणि गेल्या वर्षीचं तसंच ठेवायचं? मग चूक आणि लबाडी यात फरक काय राहिला?’’ त्यावर दादांनी वाद घातला नाही.

मंडळीपुढचे मार्ग याहून गुंतागुंतीचे होते. दादांनी त्याच रात्री खजिनदारांना फोन केला, आणि लक्षात आलं की ती गुलाबी पावती आणखी बऱ्याच घरांतून रिटर्नला जोडली गेली असणार. पाळकसाहेबांनी कमिटी बोलावली आणि मलाही बोलावलं.

एक सूचना अशी आली की चर्चच्या न्यासासाठीच ८०जी चा अर्ज करावा. वर सांगितलेल्या कारणांनी ती टिकली नाही. मग एका सभासदाने, मनाने अगदी चांगल्या माणसाने, जी सूचना केली तिच्यावर सगळ्यात जास्त वेळ गेला. वसतिगृहाच्या न्यासाला ८०जी आहे, विश्वस्त आपलेच आहेत. मग सगळ्यांनी दशमांश वसतिगृहाच्या खात्यात भरावा, आणि तिथून पाळकांचं मानधन आणि चर्चचा खर्च भागवावा. लोकांना सवलत मिळेल, दानही वाढेल. दोन-तीन माना डोलल्या.

ही वाट अनेक मंडळींत, आणि इतर धर्मांच्या संस्थांतही, कधी ना कधी कुणाला तरी सुचते, म्हणून ती का नको हे सविस्तर लिहितो. वसतिगृहाच्या न्यासाचा पैसा त्याच्या उद्देशांवरच खर्च व्हायला हवा, आणि पाळकांचं मानधन हा त्याचा उद्देश नाही. धार्मिक खर्च पाच टक्क्यांच्या वर गेला की ८०जी धोक्यात. त्याहून मोठं म्हणजे उद्देशाबाहेर पैसा वळवल्याचं दिसलं तर नोंदणीच रद्द होऊ शकते आणि धर्मादाय आयुक्तांपुढे विश्वस्तांना वैयक्तिक जाब द्यावा लागतो. नोंदणी गेली तर न्यासाच्या साठलेल्या मालमत्तेवर कर लागू शकतो. वसतिगृहाची इमारत, तिची जागा, हे सगळं त्यात आलं. काही घरांना वर्षाकाठी दहा-अकरा हजार वाचावेत म्हणून सत्तर-ऐंशी मुलींचं छप्पर पणाला लावायचं, असा तो सौदा होता.

खजिनदारांनी एक वेगळा प्रश्न काढला : रविवारच्या दानार्पणाच्या थैलीत नाव नसलेला पैसा येतो, त्यावर कर लागतो का? निनावी दानावर तीस टक्के कर आहे, पण निव्वळ धार्मिक न्यासाला तो लागू नाही. धार्मिक आणि धर्मादाय अशा दोन्ही स्वरूपाच्या न्यासालाही, ते दान शाळा किंवा रुग्णालयासाठी म्हणून दिलेलं नसेल तर, लागू नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने शिर्डीच्या श्री साईबाबा संस्थानाच्या प्रकरणात हेच धरलं : संस्थान दोन्ही स्वरूपाचं आहे, म्हणून हुंडीतल्या निनावी दानावर कर नाही. तेव्हा चर्चची थैली सुरक्षित आहे. वसतिगृहाच्या न्यासाला मात्र हे संरक्षण नाही. तिथे प्रत्येक दात्याचं नाव-पत्ता नोंदवायलाच हवा. दोन न्यास वेगळे ठेवण्याचं हे आणखी एक कारण.

पुतणीचाही विषय निघाला. तिला छपरासाठी पाच हजार डॉलर पाठवायचे होते. ती आता अमेरिकेची नागरिक आहे. ती भारतीय नागरिक असती तर तिने आपल्या बचतीतून बँकेमार्गे पाठवलेले पैसे परदेशी देणगीत मोडले नसते. नागरिकत्व बदललं की मोडतात, मग माणूस याच मंडळीत बाप्तिस्मा घेतलेला का असेना. परदेशी देणगीसाठी एफसीआरए (परदेशी देणगी नियमन कायदा) खालची नोंदणी आणि दिल्लीच्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतलं ठराविक खातं लागतं. मंडळीकडे दोन्ही नाही. खजिनदारांनी तिला खाते क्रमांक अजून कळवला नव्हता, हे नशीब.

काय केलं

दादांचं सुधारित रिटर्न नाताळच्या आधी भरलं. ८०जी खाली फक्त वसतिगृहाचे चाळीस हजार, वजावट वीस हजार, १०बीई वरच्या क्रमांकासह. २०२३-२४ साठी अद्ययावत रिटर्न भरलं : ९,३६० रुपये कर, त्यावर व्याज, आणि दोन्ही मिळून २५ टक्के जादा. ते पैसे भरताना दादा काही बोलले नाहीत.

कमिटीत खरा पेच पडला तो लोकांना कधी सांगायचं यावर. सेक्रेटरींचं म्हणणं, नाताळ तोंडावर आला आहे, कॅरोलच्या फेऱ्या चालू आहेत, घराघरात पाहुणे आहेत. ही बातमी जानेवारीच्या पहिल्या रविवारी द्यावी. त्यांचा हेतू वाईट नव्हता. पण जानेवारीत सांगणं म्हणजे सुधारित रिटर्नची मुदत संपल्यावर सांगणं. पाळकसाहेबांनी निर्णय घेतला : २१ डिसेंबर, उपासना संपल्यावर, ते स्वतः सांगणार. खजिनदारांवर सोडायचं नाही, कारण मग लोकांचा रोष एका माणसावर जाईल.

त्यांनी तीनच गोष्टी सांगितल्या. आपल्या चर्चच्या पावतीवर करसवलत मिळत नाही. पावतीवरची ओळ चुकीची होती, ती मंडळीची चूक आहे. ज्यांनी सवलत घेतली असेल त्यांनी दहा दिवसांच्या आत रिटर्न सुधारून घ्यावं. मदत हवी असेल तर संध्याकाळी हॉलमध्ये यावं. त्या संध्याकाळपासून आम्ही दोघे-तिघे लॅपटॉप घेऊन बसलो. येणाऱ्यांत एक निवृत्त परिचारिका होत्या. त्यांच्या सोळा हजारांच्या दशमांशावर कुणीतरी आठ हजारांची वजावट लावून दिली होती आणि त्यांना ती आपल्या रिटर्नमध्ये आहे हेही ठाऊक नव्हतं.

गुलाबी पावतीपुस्तकं गोळा केली. नव्या पावतीवर खाली आता छापलं आहे : ‘या दानावर प्राप्तिकर कलम ८०जी खाली वजावट मिळत नाही.’ वसतिगृहाच्या न्यासाची मान्यता ३१ मार्च २०२६ पर्यंतच होती आणि नूतनीकरणाचा अर्ज सहा महिने आधी करणं भाग होतं. तो सप्टेंबरमध्येच केल्याची पोच पाहून घेतली. पुतणीला खजिनदारांनी लिहून कळवलं की तिची इच्छा पोचली, पैसे मात्र पाठवू नयेत.

निष्पत्ती

दादांचा ६,२४० रुपयांचा रिफंड फेब्रुवारीत आला.

त्यानंतर २०२५-२६ चा हिशेब करायला बसलो तेव्हा एक गोष्ट लख्ख दिसली. दादा इतकी वर्षं जुन्या, म्हणजे वजावटी मिळणाऱ्या, करप्रणालीत राहिले त्याचं एक कारण ‘दानाची सवलत जाईल’ हे होतं. २०२४-२५ मध्ये दुरुस्त हिशेबानेही जुनी प्रणाली त्यांना जेमतेम फायद्याची होती : जुन्यात कर १,४६,६४०, नव्यात १,५०,२८०. २०२५-२६ मध्ये नव्या प्रणालीचे टप्पे बदलले. तेवढ्याच पगारावर, तेवढ्याच गुंतवणुकीवर नव्या प्रणालीत कर येतो १,११,५४०, म्हणजे जुन्यापेक्षा ३५,१०० कमी. चर्चला दिलेला प्रत्येक रुपया जुन्या दाव्याप्रमाणे मान्य झाला असता तरी नवी प्रणालीच स्वस्त पडली असती. नव्या प्रणालीत ८०जी मिळतच नाही. त्यामुळे वसतिगृहाच्या दानावरही आता वजावट नाही. दादांनी ते दान चाळीसाचं पन्नास हजार केलं.

मंडळीच्या दानात घट होईल अशी भीती कमिटीत काहींना होती. खजिनदारांच्या वहीप्रमाणे जानेवारी ते मार्च या तीन महिन्यांचा दशमांश आदल्या वर्षाच्या त्याच महिन्यांइतकाच राहिला. एवढ्या थोड्या काळावरून फार निष्कर्ष काढू नये, पण भीती खरी ठरली नाही एवढं नक्की.

वेगळं काय करता आलं असतं

पावतीवरची ती ओळ दर वर्षीच्या लेखापरीक्षणात पकडता आली असती. न्यासाचे हिशेब तपासले जातात, पण पावतीवर छापलेला मजकूर कुणी वाचत नाही. आता लेखापरीक्षकांना दिलेल्या यादीत पावतीचा नमुनाही जातो.

देणाऱ्याच्या बाजूने एकच तपासणी पुरली असती : रिटर्न भरण्याआधी १०बीई हातात आहे का? नसेल तर वजावट नाही. पावती कितीही चांगल्या कागदावर छापलेली असली तरी नाही. ८०जी मान्यता असलेल्या संस्थांची यादी खात्याच्या संकेतस्थळावर नावाने किंवा पॅनने शोधता येते. १ एप्रिल २०२६ पासून २०२५ चा नवा प्राप्तिकर कायदा लागू झाला आहे. त्यात कलमांचे क्रमांक बदलले आहेत, पण संस्थेची सूट वेगळी आणि दात्याची वजावट वेगळी ही रचना तशीच आहे.

कमिटीने जाहीर करताना ‘दहा दिवसांत’ म्हटलं ते बरोबर केलं, पण मागच्या वर्षांबद्दल काही सांगितलं नाही. माझ्या मते तिथे आणखी दोन वाक्यं हवी होती. आलेल्यांपैकी बहुतेकांनी फक्त त्या वर्षाचं रिटर्न सुधारलं. आधीच्या वर्षांसाठी अद्ययावत रिटर्नची वाट आता चार वर्षांपर्यंत खुली आहे, पण जितका उशीर तितका जादा कर : दुसऱ्या वर्षी ५०, तिसऱ्या वर्षी ६०, चौथ्या वर्षी ७० टक्के. हे एप्रिलमध्ये पत्रक काढून कळवलं, तोवर २०२३-२४ साठीची २५ टक्क्यांची पायरी ३१ मार्चला निघून गेली होती.

दोन घरांनी आपलं रिटर्न सुधारायचं नाही असं ठरवलं. पाळकसाहेब त्यांच्याकडे जाऊन आले. कमिटीने त्यांच्यासाठी दावा बरोबर असल्याचं पत्र द्यावं अशी त्यांची मागणी होती. ती कमिटीने नाकारली, आणि तसा ठराव इतिवृत्तात नोंदवला आहे.